कमी खर्चात ऑटोफोकस मॅक्रो: ट्यूब, क्लोज-अप लेन्स की वापरलेली मॅक्रो लेन्स?

नाकतोडा:
कॅनन २००डी, सोबत १८-५५ एसटीएम आणि ५५-२५० एसटीएम. टिपायचंय ते फुलांचे परागकोश, मुंग्या, कोळी वगैरे. नवी मॅक्रो (अगदी जवळून मोठं टिपणारी) लेन्स सध्या आवाक्याबाहेर आहे. लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसवायच्या पोकळ ट्यूब आहेत: कॉन्टॅक्ट (विजेची जोडणी) नसलेल्या सगळ्यात स्वस्त, ऑटोफोकस चालणाऱ्या ट्यूब थोड्या महाग, आणि तिसरा पर्याय लेन्सच्या पुढे लावायच्या क्लोज-अप भिंगाचा. दोनपट मोठं दाखवणाऱ्या मॅन्युअल मॅक्रो लेन्सही स्वस्तात मिळतात, पण नजर तितकी तीक्ष्ण नाही, त्यामुळे ऑटोफोकस हवाच. आधी काय घ्यावं? मॅक्रोत ऑटोफोकस निरुपयोगी असतो म्हणतात, ते कितपत खरं?

चतुर:
कॉन्टॅक्ट नसलेल्या ट्यूब बाद करा. तुमच्या दोन्ही लेन्स एसटीएम आहेत, म्हणजे फोकसची रिंगसुद्धा विजेवर चालते. कॅमेऱ्याशी जोडणीच तुटली की ऑटोफोकस जातो, हाताने फोकस करणंही जातं आणि अॅपर्चर (प्रकाश आत घेणारं छिद्र) पूर्ण उघडं राहतं. उरतं काय, तर कॅमेरा पुढेमागे हलवणं.

कॉन्टॅक्टवाल्या ट्यूब घेताना एक गोष्ट नक्की बघा. तुमच्या लेन्स ईएफ-एस (कॅननच्या लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यांसाठीच्या) आहेत, त्यामुळे ट्यूबच्या लेन्सकडच्या तोंडावर पांढरा चौकोन हवा. नुसता लाल ठिपका असेल तर ती ट्यूब फक्त ईएफ लेन्स घेते, तुमची बसणारच नाही.

आता हिशेब. ट्यूबने वाढणारं मॅग्निफिकेशन (सेन्सरवरची प्रतिमा खऱ्या वस्तूच्या किती पट) म्हणजे ट्यूबची लांबी भागिले फोकल लेंग्थ. नेहमीच्या संचात १२, २० आणि ३६ मिमीच्या ट्यूब येतात. ३६ची ट्यूब ५५ मिमीवर लावली तर सुमारे ०.६५ची भर पडते. १८-५५चं स्वतःचं ०.२५ धरून ०.९पर्यंत जाता. तीच ट्यूब २५० मिमीवर लावली तर भर फक्त ०.१४. म्हणजे टेलिझूमवर ट्यूब लावणं जवळजवळ वाया. आणि १८ मिमीला तर फोकसचं प्रतल लेन्सच्या काचेतच जाऊन पडतं, तिथे काहीही केलं तरी चित्र येत नाही.

५५ला ०.९ मिळतं खरं, पण काचेपासून किडा जेमतेम काही सेंटीमीटरवर. लेन्सची सावली त्याच्यावर पडते आणि तो पळतो. फुलांना चालेल, कोळ्याला नाही.

भिंगवाला:
५५-२५० हाताशी असताना ट्यूबचा विचारच कशाला? रेनॉक्स डीसीआर-१५० ही क्लोज-अप लेन्स घ्या. ४.८ डायऑप्टरची (भिंगाची ताकद) आहे, सोबतच्या चिमट्याच्या अडॅप्टरने ५२ ते ६७ मिमी फिल्टरच्या कुठल्याही लेन्सवर बसते. तुमच्या दोन्ही ५८च्या आहेत. २५० मिमीवर, लेन्स अनंतावर फोकस केलेली असताना, २५० भागिले २०८ (भिंगाची फोकल लेंग्थ, १००० भागिले ४.८) म्हणजे १.२ पट. चौकटीत साधारण १८ मिमी रुंदी मावते आणि किडा भिंगापासून २० सेंमीवर राहतो. मॅक्रो लेन्सलाही इतकं अंतर सहज मिळत नाही.

डीसीआर-२५० आठ डायऑप्टरची. २५० मिमीवर दोनपट, अंतर साडेबारा सेंमी. सुरुवातीला ती नको, हात हलला की किडा चौकटीबाहेर. दोन्हींची काच लहान असल्याने झूम मागे आणला की कोपरे काळे पडतात.

+१, +२, +४, +१० अशा संचात मिळणारे गोल फिल्टर घेऊ नका. ती एकच काच असते, कडांना जांभळी-हिरवी किनार येते आणि दोनतीन एकावर एक चढवले की मधला भागही मऊ होतो. रेनॉक्समध्ये रंगदोष सुधारण्यासाठी अनेक काचा एकत्र बसवलेल्या आहेत, फरक आहे तो तिथेच.

नाकतोडा:
अशी भिंगं लावल्यावर लेन्स फोकस शोधत नुसती पुढेमागे फिरत राहते, असंही वाचलं. मग ऑटोफोकसचा उपयोग काय?

भिंगवाला:
बहुतेक वेळा अंतर चुकलेलं असतं. डीसीआर-१५० लावून २५० मिमीवर तुमची लेन्स साधारण १५ ते २१ सेंमी या पट्ट्यातच फोकस करू शकते. डीसीआर-२५०ला हा पट्टा उरतो जेमतेम दोन सेंमीचा, सुमारे साडेदहा ते साडेबारा. किडा या पट्ट्याबाहेर असेल तर मोटर कितीही फिरो, फोकस लागणं शक्यच नाही. म्हणून आधी शरीर पुढेमागे करून प्रतिमा ढोबळ स्पष्ट करा, मगच बटण अर्धं दाबा.

दुसरं, व्ह्यूफाइंडर सोडा आणि लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवर बघणं) वापरा. २००डीला ड्युअल पिक्सेल फोकस आहे, स्क्रीनवर डोळ्यावर बोट ठेवलं की तिथेच लागतो. व्ह्यूफाइंडरमधली फोकसची नऊ ठिकाणं एफ/५.६पर्यंतच्या प्रकाशाच्या हिशेबाने बनवलेली आहेत. ट्यूब लावली की तितका प्रकाशच पोचत नाही. क्लोज-अप भिंगाने प्रकाश कमी होत नाही, हा त्याचा आणखी एक फायदा.

पण म्हणूनच अॅपर्चरचा आकडा वेगळ्या पद्धतीने वाचायचा. खऱ्या मॅक्रो लेन्सवर १:१ला (प्रतिमा वस्तूइतकीच मोठी) एफ/८ ठेवलं तर ते प्रत्यक्षात एफ/१६च्या आसपास वागतं. क्लोज-अप भिंगावर एफ/८ म्हणजे एफ/८च. तेव्हा इथे सरळ एफ/१६ लावा (आकडा मोठा तितकं छिद्र लहान आणि स्पष्ट भाग जाड), घाबरू नका. एफ/५.६ला १.२ पटीवर स्पष्ट भागाची जाडी दीड दशांश मिमीच्या आसपास असते, मुंगीचा एक डोळाही धड मावत नाही.

कोळिष्टक:
"निरुपयोगी" हे अर्धसत्य आहे. अर्ध्या पटीपर्यंत, म्हणजे फुलपाखरं, चतुर, फुलं, ऑटोफोकस मस्त चालतो आणि वाऱ्यावर डुलणाऱ्या फुलाला तर सर्वो मोड (हलत्या विषयावर सतत फोकस लावत राहणारा) हातापेक्षा बराच भरवशाचा. १:१च्या पुढे शेवटचा अर्धा मिमी शरीर डोलवूनच जुळवावा लागतो. ऑटोफोकसने एकदा फोकस लावा, मग स्विच एमएफवर (मॅन्युअल फोकस) ढकला, किंचित पुढेमागे होत चारपाच फोटो सलग काढा.

ऑटोफोकसचा खरा उपयोग फोकस स्टॅकिंगला, म्हणजे वेगवेगळ्या अंतरावर फोकस केलेले फोटो जोडून एक पूर्ण स्पष्ट फोटो करायला. बऱ्याच नव्या मिररलेस बॉड्यांमध्ये फोकस ब्रॅकेटिंग (असे फोटो आपोआप काढणं) आतच असतं. २००डीत ते नाही, पण यूएसबीने लॅपटॉप जोडला तर हेलिकॉन रिमोटसारखं सॉफ्टवेअर मोटर टप्प्याटप्प्याने सरकवतं. मोटर नसलेल्या मॅन्युअल लेन्सवर यातलं काहीच होत नाही. १:१ला एफ/८वर स्पष्ट भाग सुमारे ०.६ मिमी, थोडा एकावर एक धरून ०.४चा टप्पा ठेवला तर पाच मिमी खोलीला तेरा फ्रेम लागतात. ट्रायपॉड आणि स्थिर विषय मात्र हवा.

पुढे वापरलेली लेन्स घ्यायची झाली तर ईएफ १०० मिमी एफ/२.८ यूएसएम, एल (कॅननची महागडी मालिका) नसलेली जुनी. १:१ला काचेपुढे साधारण १५ सेंमी मिळतात. ईएफ-एस ६० मिमीला सुमारे नऊच. टॅमरॉन ९० (२७२ई) चित्राला उत्तम, पण नळी पुढे येते आणि मोटर संथ. घेताना टॉर्च मारून बुरशी बघा. एफ/११ला फोटो काढा. "एरर ०१" आली आणि कॉन्टॅक्ट पुसूनही गेली नाही तर अॅपर्चरची केबल गेल्याची शंका घ्या. त्या १०० मिमीवर एक बारीक स्विच असतो, ०.३१ मीटर आणि ०.४८ मीटर. तो ०.४८वर असेल तर जवळचा फोकस लागणारच नाही. लेन्स बिघडली समजून लोक चांगला नग सोडून देतात.

निकॉनवाले वाचत असतील तर: डी३५००, डी५६०० यांच्या बॉडीत फोकस मोटर नाही. जुनी ६० किंवा १०५ची डी मालिकेची मायक्रो (निकॉनची मॅक्रो) स्वस्त दिसली तरी तिच्यावर ऑटोफोकस चालणार नाही, आणि निकॉनच्या झेड मिररलेसवर एफटीझेड अडॅप्टरने लावूनही नाही.

चतुर:
रेनॉक्सवर सहमत, ट्यूबचा आग्रह मागे. पण उरलेले पैसे फ्लॅशला ठेवा. एफ/१६ला नुसत्या उन्हावर शटर पुरेसं वेगवान मिळत नाही, आणि लेन्सचं साधं स्टॅबिलायझेशन इतक्या जवळून फारसं कामाचं नाही, कारण ते कॅमेऱ्याचं झुकणं सावरतं, आडवं सरकणं नाही. मॅन्युअल मोड, १/२००, आयएसओ २००, फ्लॅश १/१६ ताकदीवर. तेवढ्या कमी ताकदीला लखलखाट इतका क्षणिक असतो की हाताचं हलणं गोठतं. पुढे दुधी कागदाचा किंवा पातळ पांढऱ्या फोमचा डिफ्यूझर, लेन्सच्या टोकापर्यंत आलेला. नाहीतर भुंग्याच्या पाठीवर पांढरा डाग पडतो.

नाकतोडा:
साधा मॅन्युअल फ्लॅश २००डीवर चालेल?

चतुर:
चालेल. २००डीच्या शूमध्ये (फ्लॅश बसवायच्या वरच्या खाचेत) मधला कॉन्टॅक्ट आहे. २००डी मार्क २ आणि १५००डीमध्ये तो काढून टाकलाय, तिथे साधा फ्लॅश पेटतच नाही, कॅननशी जुळणारा ई-टीटीएल (कॅमेऱ्याच्या मोजणीवरून प्रकाश स्वतः ठरवणारा) लागतो. बॉडी बदलायच्या विचारात असाल तर हे आधी तपासा.