मदत हवी आहे: परवा जांबोटीकडे लग्न, सकाळी धुकं, संध्याकाळी पाऊस, आणि फोटो माझ्याकडे

नमस्कार मंडळी,

परवा माझ्या मावसबहिणीचं लग्न आहे. गाव जांबोटीच्या पुढे, कणकुंबीच्या वाटेवर. ठरलेला फोटोग्राफर डेंगीने आजारी पडून दवाखान्यात आहे. बिचाऱ्याने स्वतः फोन करून कळवलं, दुसऱ्यांची नावंही दिली. पण मार्गशीर्षातली मोठी तिथी आहे. खानापूर, बेळगाव, पलीकडे चंदगडपर्यंत विचारून झालं, कुणाचीच तारीख मोकळी नाही. व्हिडिओवाला आहे, पण तो व्हिडिओच करणार. मावशी म्हणाली, "तूच काढ गं, तुझ्याकडे मोठा कॅमेरा आहे." मी हो म्हटलंय, आणि ते चांगलं व्हावं असं मनापासून वाटतंय.

मी फोटो काढते ते भीमगडच्या बाजूच्या जंगलातले, पक्ष्यांचे. तिथे लांबून, शांतपणे, एकाच गोष्टीवर नजर ठेवून बसायचं असतं. लग्नाची घाई, माणसांची गर्दी, फ्लॅश यांची मला सवय नाही.

माझ्याकडे कॅनन २०० डी मार्क टू आहे. लेन्स तीन: १८-५५ किट, ५० एमएम एफ १.८ आणि ५५-२५०. बॅटऱ्या दोन, कार्डाचा स्लॉट एकच. ओळखीच्या स्टुडिओतून एक मॅन्युअल फ्लॅश आणि स्टँड मिळतोय. या बॉडीच्या हॉट शूला (वर फ्लॅश बसवायच्या खाचेला) मधली पिन नाही, म्हणजे साधा ट्रिगर (लांबच्या फ्लॅशला इशारा देणारं यंत्र) वर लावून तो फ्लॅश पेटणार नाही, एवढं मला माहीत आहे. मग तो कसा वापरायचा, हा पहिला प्रश्न.

आता हवा. ज्यांनी हिवाळ्यात चोर्ल्याचा रस्ता पहाटे धरलाय त्यांना सांगायला नको. सकाळी नऊ-साडेनऊपर्यंत दाट धुकं, समोरची काजूची झाडं दिसत नाहीत, पत्र्यावरून दव टपटप गळतं. त्यात या आठवड्यात बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा झालाय. ढग आहेत, दुपारनंतर हलक्या सरी येतील असा अंदाज आहे. म्हणून मांडवावर निळी ताडपत्री घातली आहे. काल तिथे जाऊन फोनवर दोन फोटो काढून बघितले, मावशीचा चेहरा अगदी निळा दिसतोय.

कार्यक्रम असा आहे. सकाळी सातला अंगणात हळद, म्हणजे ऐन धुक्यात. दुपारी चुडा, मुंडावळ्या, घरातली तयारी, जेवणं. आणि अक्षता गोरज मुहूर्तावर, संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी, देवळासमोरच्या मांडवात. सूर्य मावळतो सहाच्या सुमारास, वर ढग, म्हणजे तेव्हा उजेड नसल्यातच जमा. डेकोरेशनवाल्याचे पिवळे हॅलोजन आणि रंगीत एलईडी असतील. पाठवणी रात्री नऊच्या पुढे, तेव्हा परत दव.

मला काय अडतंय ते सांगते. धुक्यात फोकस इकडेतिकडे भटकतो, पक्ष्यांच्या वेळी हा अनुभव आहे, पण तिथे मी थांबू शकते. हळद लागताना "जरा थांबा" कसं म्हणायचं? बाहेरच्या गारठ्यातून चुलीच्या वाफेने भरलेल्या स्वयंपाकघरात गेलं की काच धुरकट होते, ती टाळायची कशी? निळ्या ताडपत्रीचं काय करायचं? आणि सगळ्यात मोठी काळजी अंतरपाटाची. तो क्षण पापणी लवण्याआधी संपतो. नेमकं उभं कुठे राहायचं, व्हिडिओवाल्याशी जागेवरून वाद न होता?

अल्बम झगमगीत व्हावा अशी घरात कुणाचीच अपेक्षा नाही. मावशीच्या स्वतःच्या लग्नाचा घरात एकच फोटो आहे, तोही ओल लागून डागाळलेला. आजी नव्वदीच्या पुढे आहे. नातीवर अक्षता टाकताना तिचा चेहरा मला हवाच आहे. बाकी चार गोष्टी राहिल्या तरी चालतील, हा राहिला तर मला फार लागेल. तर असा अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.

प्रतिसाद १

ताई, मी निपाणीत स्टुडिओत कामाला आहे. आमच्याकडं हिवाळ्यात असल्या ऑर्डरी नेहमीच्याच, म्हणून जमेल तेवढं लिहितो.

आधी फ्लॅश. त्या मॅन्युअल फ्लॅशवर एस वन, एस टू असे स्लेव्ह मोड आहेत का बघा, बऱ्याच फ्लॅशवर असतात. दुसरा फ्लॅश चमकला की त्या उजेडावर तो आपोआप पेटतो. कॅमेऱ्याचा वरचा छोटा फ्लॅश उघडायचा आणि स्टँडवरचा एस टूवर ठेवायचा. एस टूच ठेवा, कारण तुमचा कॅमेरा खऱ्या फ्लॅशच्या आधी मोजमापासाठी एक बारीक चमक सोडतो. एस वन त्या चमकेलाच पेटून मोकळा होतो आणि फोटोत काही येत नाही. स्टँडवरच्या फ्लॅशचा पुढचा सेन्सर तुमच्याकडं वळवून ठेवा. शटर १/२०० च्या वर नेऊ नका, नाहीतर खाली काळा पट्टा येतोय. हे सगळं आज रात्रीच घरात करून बघा.

पण सकाळी हळदीला फ्लॅश अजिबात नको. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश धुक्यातल्या थेंबांवर आपटून परत लेन्सकडं येतो, फोटोवर पांढरे ठिपके आणि पडदा. धुक्यात उपाय एकच, जवळ जा. तुमच्या आणि माणसाच्या मध्ये जेवढी हवा, तेवढा फोटो फिका. ५५-२५० बॅगेतच राहू दे, किट लेन्स ३५ च्या आसपास धरा. फोकससाठी मधला एकच पॉइंट ठेवा आणि जिथं रंग बदलतो तिथं लावा, लुगड्याचा काठ, कपाळावरचं कुंकू, हळदीचा हात. गालावर लावला तर भटकणारच. आणि धुकं उजळ असल्यामुळं कॅमेरा फसतो, फोटो काळपट काढतो. एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, पाऊण ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट) वाढवा. धुक्यातली हळद फार देखणी येते, मागचा पसारा, गाड्या, खुर्च्या सगळं झाकलं जातं आणि पिवळा रंग तेवढा उठतो.

निळी ताडपत्री: खालून पांढरं कापड लावा म्हणून कुणी सांगेल, त्यानं निळेपणा जात नाही, उजेड निळ्यातनंच गाळून येतोय. बोहल्यावरचा तुकडा तेवढा पांढऱ्या ताडपत्रीचा होतोय का मांडववाल्याला विचारा. नसेल होत तर दिवसाचे विधी मांडवाच्या उघड्या बाजूला, माणसांची तोंडं बाहेर करून घ्या. पांढरं धोतर धरून कस्टम व्हाइट बॅलन्स घ्या, म्हणजे तिथल्या उजेडात पांढरं कसं दिसतं ते कॅमेऱ्याला दाखवा, आणि सगळं रॉ मध्ये, म्हणजे नंतर रंग सुधारता येतील अशा कच्च्या फाइलमध्ये, काढा. फ्लॅश वर ताडपत्रीकडं वळवून मारू नका, उजेड निळा होऊन खाली येईल. जवळ चुना लावलेली भिंत असली तर तिच्यावर मारा.

प्रतिसाद २

मी बेळगावची, फोटोग्राफर नाही, पण भावाच्या कामात कित्येक वर्षं मदत करते. काच धुरकट होण्याबद्दल सांगते. गार वस्तू उबदार, दमट हवेत नेली की तिच्यावर पाणी धरतं. उलट, उबदार कॅमेरा गारठ्यात नेला तर हा त्रास नाही. त्यामुळे बाहेरून आत जाताना कॅमेरा बाहेरच झिपच्या पिशवीत घालून तोंड बंद करा, मग आत न्या. ओल पिशवीवर धरेल. वीस-पंचवीस मिनिटांनी काढा. स्वयंपाकघरातले फोटो हवे असतील तर ते हळदीनंतर लगेच ठेवू नका, चुडा भरून झाल्यावर काढा. तरी धुरकटलीच तर लेन्स काढून आतून पुसायच्या भानगडीत पडू नका. धुक्यात लेन्स बदलूही नका.

बॅटरीची फार चिंता नको. आपल्याकडच्या गारठ्यात ती थोडी लवकर उतरते एवढंच, दुसरी स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवा. सरीसाठी साधी प्लास्टिकची पिशवी, लेन्सपुरतं भोक, हुडावर रबर, पुरतं तेवढं. मऊ सुती कपडे मात्र भरपूर घ्या, एक भिजला की तो काचेला लावायचा नाही. कार्ड एकच असल्यामुळे हळद झाली की काढून दुसरं घाला, आणि पहिलं कुणा जबाबदार माणसाकडे द्या, लॅपटॉपवर उतरवून घेईपर्यंत पुसायचं नाही.

अंतरपाटाचं: त्या कापडाच्या सरळ रेषेत, भटजींच्या बाजूला उभ्या राहा. समोरून फक्त एकाचा चेहरा मिळतो, तिथून दोघांचे. व्हिडिओवाल्याशी सकाळीच बोलून घ्या, तो त्याच रेषेत तुमच्या मागे उंचावर उभा राहिला तर दोघांचंही काम होतं. आणि कान मंगलाष्टकांकडे ठेवा. "तदेव लग्नं सुदिनं तदेव" सुरू झालं की शेवट आला. फोकस आधीच नवरीच्या चेहऱ्यावर धरून ठेवा, नाहीतर कॅमेरा पाटाचं कापडच पकडतो.

मूळ प्रश्नकर्तीकडून

दोघांचेही मनापासून आभार. फ्लॅशवर एस टू आहे. घरात लावून बघितलं, पेटतोय. मांडववाले काका पांढरी ताडपत्री बोहल्यापुरती द्यायला तयार झालेत. व्हिडिओवाला दादाही समजूतदार निघाला, म्हणाला, "तुम्ही खाली बसून काढा, मी वरनं घेतो." त्याच्या कॅमेऱ्यावरचा उजेड सतत चालू असणार, त्याचाही मला उपयोग होईल असं वाटतंय.

पण आता एक पेच आहे. मी अंतरपाटाच्या रेषेत बसले तर आजी माझ्या पाठीमागे येते. ती उभी राहू शकत नाही, खुर्ची बायकांच्या बाजूला पहिल्या रांगेत ठेवणार आहेत. शेवटच्या मंगलाष्टकाला दोघांचे चेहरेही हवेत आणि आजीचाही. एका कॅमेऱ्यात हे कसं बसवू?

प्रतिसाद १

ताई, शेवटच्यालाच कशाला? अक्षता प्रत्येक "सावधान"ला पडतात. पहिली दोन-तीन मंगलाष्टकं आजीला द्या. ५० एमएम लावा, एफ २, शटर १/१००, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) ३२०० पर्यंत गेला तरी बिनधास्त. तेवढ्याला फ्लॅश नको, म्हातारं माणूस दचकतंय आणि डोळे मिटतंय. एलईडीमुळं फोटोत पट्टे येतात, ते १/१०० ला कमी होतात. आजींच्या डाव्या हाताच्या बाजूनं, त्यांच्या नजरेच्या उंचीला बसा, म्हणजे अक्षता टाकणारा हात चेहऱ्यावरनं आडवा जाणार नाही. मग उठून रेषेत या, किट लेन्स लावा, फ्लॅश चालू करा. लेन्स बदलताना फ्लॅशचा स्टँड कुणीतरी धरून ठेवायला हवं, गर्दीत हमखास पडतो.

आणि मामांना आधीच सांगून ठेवा, आजींची खुर्ची बोहल्याच्या डाव्या कोपऱ्याला थोडी तिरकी ठेवायची. म्हणजे एखाद्या फोटोत पुढं आजींचा हात आणि मागं नवरा-नवरी, असं एकत्रही मिळेल.

मूळ प्रश्नकर्तीकडून

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मामांना आत्ताच फोन केला, खुर्ची तिरकी ठेवायचं कबूल केलंय. फ्लॅशचा स्टँड धरायला मावसभाऊ आहे. कानपिळीला त्याची गरज लागेल, तेव्हा त्याच्या जागी त्याचा मित्र उभा राहील. लग्न झालं की हळदीचे आणि आजीचे फोटो घरच्यांना विचारून इथे टाकते, कुठे चुकलं ते स्पष्ट सांगा. माघातही याच घरात दुसरं लग्न आहे.