सेसना 172 एस: चार माणसे, सामान आणि पूर्ण टाकी, वजनाचा हिशेब तपासून द्यावा

प्रश्न (क्लीव्हलँडकर)

नमस्कार. मी ओहायोत राहतो. गेल्या वर्षी मला खाजगी वैमानिकाचा परवाना मिळाला. आई-वडील भारतातून आले आहेत आणि त्यांना क्लीव्हलँडहून नायगाराला स्वतः विमानाने न्यावे, अशी फार दिवसांची इच्छा आहे. उड्डाण सुमारे दीड तासाचे आहे. क्लबचे विमान सेसना 172 एस असून त्याचे रिकामे वजन 1,690 पौंड आणि मोमेंट (वजन गुणिले संदर्भरेषेपासूनचे अंतर) 68,445 पौंड-इंच आहे. पुढे मी आणि वडील मिळून 322 पौंड, मागे आई आणि पत्नी मिळून 269 पौंड, दोन रात्रींचे सामान 40 आणि दोन्ही टाक्या भरून 53 गॅलन इंधन, म्हणजे 318 पौंड, असे धरले. पुढच्या आसनांचा आर्म (संदर्भरेषेपासूनचे अंतर) 37 इंच, मागच्यांचा 73, सामानाचा 95 आणि इंधनाचा 48 आहे. एकूण वजन 2,639 पौंड येते आणि गुरुत्वमध्य (विमानाचा तोल साधणारा बिंदू, म्हणजे एकूण मोमेंट भागिले एकूण वजन) 45.1 इंचांवर येतो. तो 35 ते 47.3 या मर्यादेत बसतो. मात्र कमाल वजन 2,550 असल्यामुळे 89 पौंड जास्त होतात. समतोल बरोबर असताना एवढ्या जादा वजनाने खरोखर फरक पडतो का, आणि पडत असल्यास प्रथम काय कमी करावे?

उत्तर (जुना प्रशिक्षक)

आपण आकडे सविस्तर दिलेत, त्यामुळे ते तपासता आले, आणि त्यात एक चूक सापडली. माणसांची वजने पौंडांत आहेत, पण दोन रात्रींचे चौघांचे सामान 40 पौंडांत क्वचितच बसते. हा आकडा घरच्या काट्यावरचा किलोंमधला असावा, असे मला वाटते. 40 किलो म्हणजे 88 पौंड. तसे असल्यास एकूण वजन 2,687 पौंड होते, आणि इंजिन सुरू करून धावपट्टीपर्यंत जाताना जळणारे 8 पौंड वजा केले तरी उड्डाणाच्या क्षणी 2,679 उरते. म्हणजे जादा वजन 89 नव्हे, 129 पौंड आहे, आणि गुरुत्वमध्यही 46.0 इंचांपर्यंत मागे सरकतो.

दुसरी गोष्ट मर्यादेची. 35 ते 47.3 हा पट्टा सगळ्या वजनांना लागू नाही. 35 ही पुढची मर्यादा 1,950 पौंडांपर्यंतच आहे. तिथून ती सरळ रेषेत सरकत जाते आणि 2,550 पौंडांना 41.0 इंचांवर पोहोचते. मागची मर्यादा मात्र सर्वत्र 47.3 हीच आहे. त्यामुळे केवळ भागाकार करून थांबू नये. वजन आणि गुरुत्वमध्य यांचा मिळून येणारा बिंदू विमानाच्या पुस्तिकेतील आलेखाच्या चौकटीत पडतो का, हे प्रत्येक वेळी पाहावे.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. समतोल ठीक असणे आणि वजन ठीक असणे या दोन स्वतंत्र अटी आहेत आणि एकीच्या बदल्यात दुसरी माफ होत नाही. 2,550 पौंडांच्या पुढे आपल्याकडे एकही तपासलेला आकडा नाही, कारण धावपट्टी किती लागेल आणि चढाईचा वेग किती मिळेल यांचे पुस्तिकेतील तक्ते त्याच वजनापर्यंत आहेत. उन्हाळ्याच्या दुपारी हवा विरळ झालेली असताना ही उणीव सर्वाधिक जाणवते. माणसे तर आपण कमी करणार नाही, आणि करूही नयेत. इंधन कमी करा. इंधन सोडून सर्व मिळून 2,369 पौंड होतात आणि विमान जागेवर उभे असताना 2,558 पौंड चालतात, म्हणून 189 पौंड, अर्थात साडेएकतीस गॅलन भरता येते. तासाला 9 गॅलन धरल्यास दीड तासाला साडेतेरा लागतात; दिवसाच्या उड्डाणासाठी नियमाने अर्ध्या तासाची राखीव लागते, ती मी नेहमी एक तासाची ठेवतो, आणि तरीही इंधन उरते.

उत्तर (हँगरमधून)

मी महाराष्ट्रातील एका प्रशिक्षण संस्थेत देखभालीचे काम करतो. वरील उत्तराशी पूर्ण सहमत असून दोन बाबी जोडतो.

टाकीच्या तोंडाशी आत एक पट्टी असते. इंधन तिच्या खालच्या कडेपर्यंत भरले की प्रत्येक टाकीत साडेसतरा, म्हणजे एकूण 35 गॅलन वापरण्याजोगे इंधन असते. आपल्याला साडेएकतीसच चालत असल्यामुळे पट्टीपर्यंत भरून भागणार नाही. मापकाठी घालून मोजावे लागेल. किंवा 10 किलो सामान घरी ठेवावे, म्हणजे पट्टीपर्यंत भरूनही उड्डाणाचे वजन 2,549 पौंड आणि गुरुत्वमध्य 45.5 इंच येतो. आमच्याकडे इंधन लिटरमध्ये मिळते आणि एक लिटर साधारण 0.72 किलो धरतात. ज्याला दोन्ही पद्धतींत काम करावे लागते, त्याने एकक प्रत्येक आकड्यापुढे लिहावे, असा माझा आग्रह आहे.

रिकामे वजन विमानाच्या ताज्या नोंदपत्रावरूनच घ्या. ते पुस्तिकेतील नमुन्याचे नसते. रेडिओ बदलला, रंगकाम झाले की ते बदलते. आमच्या एका विमानात नवे पत्र कार्यालयाच्या फाइलमध्ये आणि जुने विमानात, अशी स्थिती कित्येक आठवडे होती आणि विद्यार्थी जुन्याच आकड्याने हिशेब मांडत होते. हे लक्षात आले त्या रात्री मला झोप लागली नाही. रिकाम्या वजनात पूर्ण तेल आणि न वापरता येणारे इंधन आधीच धरलेले असते, ते पुन्हा मिळवू नका.

उत्तर (जुना प्रशिक्षक)

मागे सरकलेल्या गुरुत्वमध्याबद्दल थोडे लिहिणे राहिले. तो पुढे असला तर नाक जड होते आणि उतरताना ते वर उचलायला जोर लागतो, पण विमान स्वभावाने स्थिर राहते. तो मागच्या मर्यादेपलीकडे गेला, तर स्टॉलमधून (पंखांची उचल अचानक घटण्याच्या स्थितीतून) बाहेर येण्यासाठी नाक खाली करायला शेपटीची ताकद अपुरी पडू शकते. 8 जानेवारी 2003 रोजी नॉर्थ कॅरोलायनातील शार्लट येथे बीच 1900 जातीचे विमान उड्डाणानंतर लगेच कोसळून त्यातील सर्व 21 जण दगावले. देखभालीत एलेव्हेटरच्या (नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीवरील पृष्ठाच्या) दोऱ्या चुकीच्या जुळवल्या गेल्या होत्या आणि भरीला गुरुत्वमध्यही मागच्या मर्यादेबाहेर होता, कारण प्रवाशांचे वजन मोजण्याऐवजी ठरावीक सरासरी धरली गेली होती. त्यानंतर अमेरिकेत हे सरासरी आकडे वाढवण्यात आले. म्हणून सर्वांना बूट-कपड्यांसह काट्यावर उभे करा. आईंना वजन विचारताना संकोच वाटेल हे मी समजू शकतो, पण कारण सांगितले की त्या आनंदाने उभ्या राहतील.

आपल्या विमानात इंधनाचा आर्म एकूण गुरुत्वमध्याच्या मागे आहे, त्यामुळे ते जळत जाईल तसा गुरुत्वमध्य किंचित पुढे येतो. बोनांझासारख्या विमानांत नेमके उलट घडते. तिथे उतरण्याच्या वेळचा हिशेब वेगळा मांडल्याशिवाय निघू नये.

प्रश्नकर्ता (क्लीव्हलँडकर)

आपण दोघांनी वेळ दिलात, याबद्दल मनापासून आभार. सामानाचा आकडा किलोंमधलाच होता. क्लबमधून ताजे नोंदपत्र मागवले, तर रिकामे वजन 1,697 पौंड आणि मोमेंट 68,770 निघाले. काल सर्वांना कपड्यांसह तोलले: पुढे 330 पौंड, मागे 276, आणि आईने एक बॅग स्वतःहून रिकामी केल्यामुळे सामान 73 पौंड. इंधन 28 गॅलन ठेवले आहे. उड्डाणाचे वजन 2,536 पौंड आणि गुरुत्वमध्य 45.64 इंच येतो. आलेखावर बिंदू चौकटीत पडतो. शनिवारी सकाळी हवा थंड असतानाच निघणार आहोत, आणि परतीच्या दिवशी इंधन भरण्यापूर्वी हाच तक्ता नव्याने मांडणार आहे, कारण आई तिथून काही खरेदी केल्याशिवाय निघणार नाही.