फोटो हुबेहूब उतरवूनही कुत्र्याची ओळख का पटत नाही?

रेघोटी (गिरगाव)

नमस्कार. गेली सात वर्षे मी व्यक्तिचित्रे करते आणि अलीकडे निम्म्याहून अधिक मागण्या कुत्र्या-मांजरांच्या चित्रांच्या असतात. मागच्या महिन्यात परळच्या एका कुटुंबासाठी त्यांच्या वारलेल्या लॅब्रेडॉरचे सॉफ्ट पेस्टलमध्ये, म्हणजे खडूसारख्या भुसभुशीत रंगांत, चित्र केले. घरातल्या आजींनी ते बराच वेळ निरखले आणि "कुत्रा सुंदर आहे, पण हा आमचा मोती नव्हे," एवढेच त्या म्हणाल्या. मोबाइलवरचा फोटो मी जसाच्या तसा उतरवला होता, त्यामुळे चूक नेमकी कुठे झाली हे मला कळत नाही. अशा वेळी पैशांचे काय करावे, हेही कृपया सांगावे.

चारकोल (दादर)

चूक बहुधा फोटोतच असावी. लाडक्या कुत्र्याचा फोटो लोक अगदी जवळून, उभ्याने आणि वरून काढतात. इतक्या जवळून नाक फुगलेले, कान आखडलेले आणि पाय काटकुळे दिसतात. घरच्यांनी मात्र तो कुत्रा दहा वर्षे खोलीच्या दुसऱ्या टोकावरून पाहिलेला असतो, आणि त्यांच्या मनातले प्रमाण तेच असते. फ्लॅश मारलेला फोटो तर घेऊच नये, कारण कुत्र्या-मांजरांच्या डोळ्यांत पडद्यामागे प्रकाश परतवणारा थर असतो. त्याने डोळ्याची बाहुली हिरवट चमकते आणि डोळ्यातला भाव पुसला जातो. खिडकीच्या उजेडात, प्राण्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बसून, थोडे लांबून काढलेला फोटो मागावा.

मी जहांगीर आर्ट गॅलरीबाहेरच्या फुटपाथवर अनेक वर्षे समोर बसलेल्या माणसांची चित्रे केली, तरी प्राणी मला कळले ते राणीच्या बागेत वही घेऊन बसू लागल्यावर. हलणाऱ्या प्राण्याचे रेखाटन कधी पुरे होत नाही, पण मान खांद्याला कुठे मिळते आणि भार कोणत्या पायावर आहे, हे हाताला कळू लागते. केसांचेही तसेच आहे: कुत्र्याच्या नाकाच्या शेंड्यापासून ते मागे कपाळाकडे जातात, डोळ्यांभोवती फाकतात आणि गालावर खाली वळतात. हे वळण चुकले, तर प्रत्येक केस काढूनही चेहरा भुसा भरलेल्या प्राण्यासारखा दिसतो.

मोती आता नाही, म्हणून घरच्यांकडे व्हिडिओ मागा आणि दार वाजल्यावर तो कसा बघत असे, हे त्या आजींनाच विचारा.

पेणकर (गोरेगाव)

पैशांबद्दल माझा रिवाज असा आहे की निम्मी रक्कम आगाऊ घ्यायची, कच्चे रेखाटन दाखवून होकार मिळवायचा आणि मगच रंगाला हात घालायचा. आपल्याकडून ही पायरी राहून गेली असल्यास या वेळी दुसरे चित्र विनामूल्य करून द्यावे, असे मला मनापासून वाटते.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 नुसार, मोबदला देऊन कोणी व्यक्तिचित्र काढून घेतले आणि वेगळा करार नसला, तर त्या चित्राच्या कॉपीराइटची पहिली मालकी काढून घेणाऱ्याकडे जाते. म्हणून त्याच चित्राच्या प्रती किंवा कॅलेंडरे विकायची असतील, तर तसे आधीच लिहून घ्यावे. फोटो व्यावसायिक छायाचित्रकाराचा असल्यास त्याच्या हक्कांचाही विचार करावा लागतो.

ओलसर कागद (वसई)

पेस्टल असल्यामुळे एवढेच सुचवतो, की काच चित्राला टेकू देऊ नका. मधे माउंटची, म्हणजे जाड पुठ्ठ्याच्या चौकटीची, पट्टी घाला आणि पावसाळ्यात फ्रेम बाहेरून पाऊस लागणाऱ्या भिंतीवर लावू नका असे घरच्यांना सांगा; तिथल्या ओलीने कागदावर बुरशी धरते.

रेघोटी (गिरगाव)

सर्वांचे मनापासून आभार. काल परळला जाऊन आले. आजींनी मुलाच्या लग्नातला एक व्हिडिओ दाखवला, त्यात मोती दाराकडे बघताना उजवा कान उभारतो आणि डावा तसाच लोंबता राहतो. माझ्या चित्रात दोन्ही कान सारखे होते. नवे कच्चे रेखाटन रविवारी त्यांना दाखवणार आहे.