चष्मा लावणाऱ्या मुलासाठी क्रिकेट हेल्मेट: मदत हवी आहे

मुलगा १२ वर्षांचा, यंदापासून लेदर बॉलवर खेळतोय. डोक्याचा घेर ५३ सेंमी, चष्म्याचा नंबर उणे साडेतीन. हेल्मेट घातलं की चष्म्याच्या काड्या कानामागे रुततात आणि वाकून स्टान्स घेतला की चष्मा नाकावर घसरतो.

एक साइझ मोठं घालून पाहिलं ("वाढत्या अंगाचं घ्या," दुकानदारांचं ठरलेलं!), पण मागचा नॉब पूर्ण आवळूनही ते पुल मारताना फिरतं. चष्म्याला मागून इलॅस्टिकचा पट्टा लावला. घसरणं थांबलं, रुतणं नाही. कॉन्टॅक्ट लेन्सला डोळ्यांच्या डॉक्टरांनी सध्या नाही म्हटलंय. आतला फोम कापायचा नाही. जाळी वर-खाली करून जागा वाढवायचीही नाही, कारण ज्युनिअर बॉल लहान असतो, फटीतून आत येऊ शकतो. हेल्मेट बीएस ७९२८:२०१३ (क्रिकेट हेल्मेटच्या सुरक्षेचं ब्रिटिश मानक) चंच हवं, ज्युनिअर बॉलवर चाचणी झालेलं. बजेट चार हजार.

काड्यांऐवजी पट्टा असलेला, नंबरच्या पॉलिकार्बोनेट काचांचा स्पोर्ट्स चष्मा हेल्मेटच्या आत कोणाच्या मुलाने वापरलाय का? जाळीला टेकतो का, घामाने धुकं धरतं का? आणि पुण्यात तो नंबर टाकून कुठे मिळेल?