विषय: शाळेच्या कामासाठी चर्चसोबत जाण्याचा प्रस्ताव

प्रेषक: हिल्सबरो येथील एक सभासद

कार्यकारिणी आणि सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

ऑगस्टअखेर एका सरकारी शाळेची सफाई व रंगकाम करणे आणि फॉस्टर केअरमध्ये (घरातून काढून तात्पुरत्या दुसऱ्या कुटुंबाकडे) जाणाऱ्या मुलांसाठी भेटपेट्या भरणे, या दोन कामांत आपल्या पोर्टलंड परिसरातील मराठी मंडळाने उपनगरातील काही चर्च, एक ख्रिस्ती सेवासंस्था आणि काही स्थानिक व्यावसायिक यांच्यासोबत सहभागी व्हावे, असा प्रस्ताव गेल्या आठवड्यात मंडळाच्या ई-मेल यादीवर आला. कामाला माझा विरोध नाही. मात्र मंडळाचे नाव देण्यापूर्वी एका गोष्टीचा खुलासा व्हावा, असे मला मनापासून वाटते.

तीन वर्षांपूर्वी आमच्या इमारतीत नव्याने आलेल्या एका निर्वासित कुटुंबाला एका चर्चच्या मंडळींनी थंडीचे कोट दिले. कोटाच्या खिशात प्रार्थनेचे पत्रक होते, आणि पुढच्या रविवारी त्यांना चर्चला नेण्यासाठी गाडीही दारात येऊन उभी राहिली. त्या आईला जायचे नव्हते, पण अंगावरचा कोट त्यांनीच दिलेला असल्यामुळे नाही म्हणणे तिला जड गेले. ती चार रविवार गेली. मला ती माऊली अजून डोळ्यांसमोर दिसते.

आपल्याकडे हा प्रश्न नवा नाही. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात, म्हणजे विधवांसाठीच्या त्यांच्या शाळेत, ख्रिस्ती धर्मप्रसार होतो, या आक्षेपावरून १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. ते दोघेही स्त्रीशिक्षणाचे खंदे पुरस्कर्ते होते, म्हणूनच त्यांचे बाहेर पडणे मला महत्त्वाचे वाटते. आपल्या मंडळात सर्व धर्मांचे आणि कोणताही धर्म न मानणारेही सभासद आहेत. तेव्हा आपण जाणार असू, तर कोणत्या अटींवर जाणार, हे आधी ठरावे.

आपली नम्र,
हिल्सबरो येथील सभासद

—

प्रेषक: बीव्हर्टन येथील एक ज्येष्ठ सभासद

प्रिय ताई, स. न. वि. वि.

आपण शंका उघडपणे मांडलीत, हे फार बरे केलेत. मी अहमदनगरचा, जन्माने आणि श्रद्धेने ख्रिस्ती. माझे आजोबा अमेरिकन मराठी मिशनच्या शाळेत शिकले, आणि इथल्या मंडळाच्या गणेशोत्सवात पंगतीची व्यवस्था गेली कित्येक वर्षे माझ्याकडे आहे. कोटाच्या खिशातले ते पत्रक वाचून मला वाईट वाटले. त्याचे समर्थन मी करणार नाही; उघड्या माणसाला वस्त्र देणे ही आमच्या शास्त्रात स्वतंत्र आज्ञा आहे आणि तिला अट जोडलेली नाही.

पण याच पोर्टलंड शहरात हे काम वेगळ्या रीतीने झालेले मी पाहिले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

लुईस पलाऊ हे मूळचे अर्जेंटिनाचे सुवार्तिक, म्हणजे ख्रिस्ती धर्मोपदेशक, १९६० मध्ये शिक्षणासाठी पोर्टलंडला आले आणि पुढे इथलेच झाले. मैदानात मोठ्या सभा घेऊन उपदेश करणे हे त्यांचे आयुष्याचे काम. १९९९ मध्ये इथल्या वॉटरफ्रंट पार्कात त्यांचा महोत्सव झाला होता. २००८ च्या महोत्सवापूर्वी मात्र त्यांचे पुत्र केव्हिन पलाऊ आणि काही पास्टर शहराच्या कारभाऱ्यांकडे गेले आणि "आम्ही काय करावे, ते तुम्ही सांगा," असे त्यांनी विचारले. शहराने पाच क्षेत्रे सांगितली: बेघरांचा प्रश्न, भूक, आरोग्य, पर्यावरण आणि सरकारी शाळा. त्या वर्षी पंचवीस हजारांहून अधिक स्वयंसेवक कामाला लागले. शहराच्या बाजूने यात पुढे असलेले सॅम अ‍ॅडम्स २००९ मध्ये महापौर झाले. अमेरिकेतील एका मोठ्या शहराचे ते पहिले उघडपणे समलिंगी महापौर. विवाहाच्या प्रश्नावर त्यांचे आणि या चर्चचे मत जुळणे शक्यच नव्हते. तरीही कामाच्या ठिकाणी धर्मप्रचार होणार नाही, ही अट दोन्ही बाजूंनी मान्य केली आणि काम पुढे चालू राहिले.

शाळांपैकी एक होती रूझवेल्ट हायस्कूल. उत्तर पोर्टलंडच्या सेंट जॉन्स भागातली ही शाळा त्या काळी ओरेगन राज्यातल्या सर्वांत गरीब शाळांपैकी एक होती, आणि तिच्याकडे आले ते वेस्ट लिनसारख्या सुखवस्तू उपनगरातले साऊथलेक चर्च. २००८ च्या उन्हाळ्यात एका दिवशी हजाराहून अधिक माणसे आली. मीही कंपनीतल्या एका सहकाऱ्याबरोबर गेलो होतो. माझ्या वाट्याला कुंपणालगतचे ब्लॅकबेरीचे रान आले. ते वरून कापले तर महिन्याभरात पुन्हा माजते, मुळासकट खणावे लागते. संध्याकाळपर्यंत हातमोज्यांतून काटे आत शिरले होते, आणि आम्ही दोघांनी मिळून जेमतेम वीस फुटांची पट्टी मोकळी केली होती.

खरे सांगायचे, तर एक दिवस झाडलोट करून फोटो काढणारे पुष्कळ असतात. ही मंडळी मात्र परत गेली नाहीत. त्यांनी शाळेत कपड्यांची एक खोली सुरू केली, तिथे मुलांना गाजावाजा न होता कपडे मिळत. मुलांना शिकवायला माणसे दिली. आणि शाळा व चर्च यांच्यातला दुवा म्हणून आपल्या खर्चाने एक पूर्णवेळ व्यक्ती शाळेत नेमली. नील लोमॅक्स हे एके काळचे नामांकित व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलपटू शाळेच्या संघाला शिकवण्यासाठी मैदानात उतरले. ज्या शाळेचे सामने बघायला पालकही फिरकत नसत, तिच्यासाठी पंधरा-वीस मैलांवरून अनोळखी माणसे येऊन टाळ्या वाजवू लागली. हे एकदोन नव्हे, अनेक वर्षे चालले, आणि ही जोडी पाहून इतर शाळांनाही चर्च जोडली गेली.

व्यावसायिकांबद्दल आपण विचारलेले नाही, पण तो भाग मला मोलाचा वाटतो. चर्चकडे माणसे असतात. शिड्या, ट्रक, रंगाचे पिंप हे दुकानदारांकडे असते. इंटेलमध्ये मी असताना कर्मचारी शाळेत जितके तास काम करीत, त्या हिशोबाने कंपनी त्या शाळेला अनुदान देई. पैसे शाळेच्या खात्यात जात, चर्चच्या नव्हे. आपल्याकडचे निम्मे सभासद संगणकाच्याच कंपन्यांत आहेत. ज्यांच्याकडे अशी योजना असेल, त्यांनी तासांची नोंद आधीच करून ठेवावी.

भेटपेट्यांविषयी थोडेसे. घरातून काढलेले मूल पुढचे घर मिळेपर्यंत समाजकल्याण खात्याच्या कार्यालयात तासन् तास बसून असते, आणि त्याचे सामान बहुधा कचऱ्याच्या काळ्या पिशवीत असते. पोर्टलंडच्या ख्रिस्ती कार्यकर्त्यांनी अशा मुलांच्या हाती ठेवण्यासाठी पेट्या भरायला सुरुवात केली: छोटे पांघरूण, खाऊ, खडू, एखादे पुस्तक. मी भरलेल्या पेट्यांत पत्रक नव्हते, संस्थेचे नावही नव्हते.

आपला,
बीव्हर्टनकर काका

—

प्रेषक: हिल्सबरो येथील एक सभासद

आदरणीय काका, सादर नमस्कार.

आपले पत्र मी घरी सर्वांना वाचून दाखवले. आता मंडळाने जावे असेच मला वाटते. तरीही काही गोष्टी लेखी असाव्यात, अशी विनंती आहे. शाळेत किंवा पेट्यांत कोणत्याही धर्माचे, त्यात आपलेही आले, साहित्य नसावे. मुलांचे फोटो कोणी काढू नयेत. आणि देणगी द्यायची ती थेट शाळेला द्यावी. आपण गणेशोत्सवाची निमंत्रणे त्याच दिवशी वाटावीत, अशी सूचना काल यादीवर आली होती; जी अट आपण चर्चला घालतो, ती आपल्यालाही लागू असल्यामुळे ती सूचना मागे घेतली जावी. एकच शंका उरते. ही मंडळी काम सुरू करण्यापूर्वी गोल करून प्रार्थना करतात, असे ऐकले आहे. त्या वेळी आपल्या मुलांनी काय करावे?

शिवाय एका दिवसाने भागणार नसेल, तर मंडळाने निदान वर्षभराचे काही स्वीकारावे. महिन्यातून दोन संध्याकाळी गणित शिकवण्याची माझी तयारी आहे.

आपली,
हिल्सबरो येथील सभासद

—

प्रेषक: बीव्हर्टन येथील एक ज्येष्ठ सभासद

प्रिय ताई आणि सर्व सभासद,

आपल्या तिन्ही अटी मी चर्चच्या समन्वयकांना कळवल्या आणि त्यांनी त्या लगेच मान्य केल्या. प्रार्थना ते निघण्यापूर्वी स्वतःच्या चर्चमध्ये करतील. शाळेच्या आवारात साडेआठला फक्त कामांची वाटणी होईल. सरकारी शाळेत तसेच असणे योग्यही आहे.

गणिताविषयी शाळेच्या उपमुख्याध्यापिका फार आनंदल्या. पार्श्वभूमी-तपासणीचा अर्ज सर्वांनाच भरावा लागेल, तो स्वतंत्रपणे पाठवतो.

उपमुख्याध्यापिकांना भेटलो तेव्हा मी आपल्या रंगकामाच्या योजनेचे कागद घेऊन गेलो होतो. कोणती भिंत, कोणता रंग, सर्व ठरवलेले होते. त्यांनी ते शांतपणे पाहिले आणि मग त्यांची स्वतःची यादी पुढे केली. रंग त्यात शेवटून दुसरा होता. पहिल्या ओळीत कपडे धुण्याचे यंत्र होते. काही मुले गाड्यांत किंवा मोटेलात राहतात. कपडे धुतलेले नसले, की ती लाजेने शाळेत येतच नाहीत, असे त्या म्हणाल्या.

यंत्र आणि ड्रायर एक स्थानिक दुकानदार देत आहेत. व्यायामशाळेच्या मागच्या खोलीत पाण्याची जोडणी आहे, पण निचऱ्याची नळी आणि २४० व्होल्टची जोडणी नाही. विजेचे काम परवानाधारकाकडूनच करून घ्यावे लागेल. त्याचा खर्च मंडळाने उचलावा, असा ठराव कार्यकारिणीने करावा. नळकामाची माहिती असलेले कोणी सभासद असतील, तर त्यांनी मला गुरुवारपर्यंत कळवावे.

आपला,
बीव्हर्टनकर काका