रहाडीचे फोटो आधीच काढा

रंगपंचमीला जुन्या नाशकात कॅमेरा नेऊन फक्त डोकीच टिपता येतात, असं म्हणतात ते अगदी खरं. पण म्हणून रहाड, म्हणजे रंगीत पाण्याने भरून लोक ज्यात उड्या मारतात तो जमिनीखालचा हौद, सोडू नका. रंगपंचमीच्या आधी जा. वर्षभर ज्या चौकावरून आपण गाडी दामटतो तिथलीच माती उकरून, जाड लाकडी ओंडके हलवून पेशवेकालीन दगडी हौद उघडा करतात. मला तर हेच काम उड्या मारण्यापेक्षा जास्त बघण्यासारखं वाटतं. हौदाचे चिरे निवांत टिपता येतात, कारण तेव्हा आत पाणी नसतं. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला, तिवंधा चौकातल्या रहाडीचा पिवळा. प्रत्यक्ष दिवशी गेलातच तर एखाद्या ओळखीच्या घराची गच्ची गाठा. खाली धप्पा, म्हणजे रहाडीत उडी, पडला की काठावरचा कुणीच कोरडा राहत नाही, कॅमेराही नाही.