गाडीवरचे जुने स्टिकर आणि पट्टे : रंग शाबूत ठेवून काढायचे कसे?

जुने पट्टे, ग्राफिक्स, रेडियम काढलेल्यांनी इथे लिहा. ‘गरम करा आणि ओढा’ एवढं सगळ्यांना माहीत आहे. किती गरम, कोणत्या बाजूला ओढायचं, आणि रंग दगावतो तो नेमका कुठे, ते येऊ द्या.

* * *

आधी पट्ट्याच्या कडेवरून नख फिरवा. अडकलं तर स्टिकर रंगाच्या वर आहे. कड हाताला लागतच नसेल तर तो क्लिअर कोटच्या, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराच्या, खाली गेलेला आहे. दुचाकीच्या टाकीवर हे बऱ्याचदा असतं. तो उष्णतेने किंवा रसायनाने निघणार नाही. घासून पुन्हा रंगवायची तयारी असेल तरच त्याच्या नादी लागा.

दुसरी तपासणी म्हणजे पॅनेल पुन्हा रंगवलेलं आहे का. दाराच्या रबराखाली मास्किंगची रेघ किंवा रंगाचा फवारा सापडतो. कारखान्यात भट्टीत पक्का झालेला रंग सहसा स्टिकरबरोबर येत नाही. नीट न घासता, प्रायमरची कुचराई करून मारलेला रंग मात्र पोपड्यासारखा येतो, कारण तिथे गोंदाची पकड रंगाच्या पकडीपेक्षा घट्ट असते. म्हणून कमी दिसणाऱ्या कोपऱ्यात दोन सेंटिमीटर उचला आणि स्टिकरची पाठ बघा. पाठीवर रंग दिसला तर तिथेच थांबा.

* * *

गाडी धुवून, सावलीत, पत्रा थंड असताना सुरुवात करा. हेअर ड्रायर पुरतो. दहा-पंधरा सेंटिमीटरवरून, सतत फिरवत, एका वेळी वीतभर भाग अर्धा ते एक मिनिट तापवा. पृष्ठभाग ५० ते ६० अंश सेल्सिअस हवा, म्हणजे तळवा टेकवता येतो, पण दोन-तीन सेकंदांत उचलावासा वाटतो. हीट गनच्या तोंडाशी हवा काही शे अंशांची असते. एका जागी धरली की क्लिअर कोटला फोड येतात आणि प्लास्टिकचा बंपर वाकतो. वापरायचीच तर सर्वात खालच्या सेटिंगवर आणि बरीच लांबून.

ओढताना बहुतेक जण स्टिकर पत्र्यापासून सरळ बाहेर खेचतात आणि सगळा ताण रंगावर घेतात. तो स्वतःवरच मागे दुमडा आणि पत्र्याला जवळजवळ चिकटून, तिरका ओढा. वेग दोन-तीन सेकंदांना एक सेंटिमीटर. झटका दिला की वरची फिल्म येते आणि गोंद खाली राहतो.

स्टिकर स्वतःच सांगतो काय चुकतंय. कटकन तुटत असेल तर थंड आहे. च्युइंगगमसारखा लांबत असेल तर जास्त तापलाय, थोडा निवू द्या. रुंद पट्टा सोपा जावा म्हणून पत्र्यावरच ब्लेडने उभा चिरू नका. ती चीर खालच्या रंगातही उतरते.

* * *

टाकीवर हीट गन नकोच. झाकण लावलेलं असलं तरी पेट्रोलच्या वाफेचा भरवसा नाही. कढत पाण्यात बुडवून पिळलेलं फडकं दोन मिनिटं दाबून ठेवा, निवलं की बदला. वेळ लागतो, पण काम होतं.

* * *

उन्हात वर्षानुवर्षं राहून तडकलेला पट्टा वरच्या पद्धतीने नखाएवढ्या टवक्यांत निघतो. तिथे ड्रिलला लावायचं रबरी चाक कामाला येतं. चाकावर कमाल वेग लिहिलेला असतो, बहुधा ४००० फेऱ्यांच्या आसपास. ड्रिल त्याच्या आत राहतं. अँगल ग्राइंडरला ते कधीही लावू नका, त्याचा वेग सहज दहा हजारांच्या वर असतो. हलका दाब ठेवा, एका जागी दोन-तीन सेकंद, मग पुढे सरका. रंग जळतो तो चाकाच्या खरबरीतपणाने नव्हे, घर्षणाच्या उष्णतेने. दाराच्या कडा आणि बॉनेटच्या घड्या यांवर रंग पातळ असतो, त्या मास्किंग टेपने झाका. पुन्हा रंगवलेल्या पॅनेलवर किंवा प्लास्टिकवर चाक नको.

रेडियमचा वरचा थर निघून खाली चंदेरी पापुद्रा उरला तर तोही चाकानेच जातो. तिथे उष्णता फारशी कामाची नाही.

* * *

चिकटा काढायला आधी टर्पेंटाइन. फडकं भिजवून पाच मिनिटं त्यावर ठेवा, मग प्लास्टिकच्या कार्डाने ढकला. कोरडं घासलं तर गोंदातली धूळ सँडपेपरचं काम करते. शेवटच्या पातळ थराला आयसोप्रोपिल अल्कोहोल. रॉकेलही चालतं, फक्त तेलकट थर शाम्पूने धुवून काढा, नाहीतर मेण धरत नाही. थिनर आणि ॲसिटोन पुन्हा रंगवलेल्या भागाला मऊ करतात आणि हेडलाइटच्या पॉलिकार्बोनेटवर बारीक तडे पाडतात. पेट्रोलही त्याच माळेतलं. लोखंडी ब्लेड फक्त काचेवर.

* * *

आता ‘सावली’बद्दल. सगळं स्वच्छ झाल्यावरही पट्ट्याचा ठसा दिसतो आणि माणूस गोंद समजून पुन्हा घासत बसतो. अल्कोहोलने पुसूनही तो हलत नसेल तर गोंद नाही. पट्ट्याखालचा रंग उन्हापासून वाचला, आजूबाजूचा विटला, एवढंच आहे. म्हणून रबिंग (कंपाउंड म्हणजे बारीक खरबरीत पेस्ट लावून रंग घासणं) ठशाच्या आत करून उपयोग नाही. चांगला रंग आतच आहे, बाहेरचा उजळायचा आहे. अख्खं पॅनेल कडेपर्यंत घ्या, नाहीतर रबिंगच्या सीमेवर नवा ठसा तयार होतो.

मध्यम कंपाउंडचे दोन-तीन फेरे मारा, उजेडात बघा, मग ठरवा. क्लिअर कोट सुमारे ४० ते ५० मायक्रॉनचा असतो आणि प्रत्येक रबिंगने त्यातला थोडा जातो. पॅडवर गाडीचाच रंग उतरत असेल तर एक तर मुळात क्लिअर कोट नाही किंवा तो संपलाय. संपला असेल तर हात आवरा.

खोलवर विटलेला रंग पॉलिशने भरून येत नाही. तेव्हा जुन्यापेक्षा थोडा रुंद नवा पट्टा लावून ठसा झाकणं हाच शहाणा उपाय. तसं करणार असाल तर मेण लावू नका, लावलं असेल तर अल्कोहोलने पुसा, नाहीतर नव्या पट्ट्याच्या कडा लवकर उचलतील.